लाट कापली की स्वर वाढतात

ठाण्यातल्या कुठल्याही जॅम रूममध्ये नव्या बँडची एक तक्रार ठरलेली असते. घरी एकट्यानं वाजवताना दणदणीत वाटणारं डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज) ड्रम आणि बेस सुरू झाले की गायब होतं. मग गेनचा, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा त्याचा नॉब आणखी उजवीकडे जातो आणि गिटार आणखीच हरवते. पेडल, म्हणजे आवाज बदलणारी पायाखालची डबी, बदलून हे सुटत नाही. गेन वाढवल्यावर आवाजाच्या लाटेचं काय होतं हे कळलं, की नॉब कुठे थांबवायचा तेही कळतं.

गिटारच्या तारांखालचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार हलली की वेढ्यांत वीज उपजते. हा सिग्नल शंभर-दोनशे मिलिव्होल्टचा असतो, दमदार हंबकरवर (दोन कॉइलच्या पिकअपवर) जोरात छेडलं तर एका व्होल्टच्या घरात जातो. डिस्टॉर्शन पेडल आधी तो कित्येक पट मोठा करतं आणि मग डायोडच्या (वीज एकाच दिशेनं सोडणाऱ्या भागाच्या) जोडीपुढे उभा करतं. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टपर्यंत गप्प असतो, त्यापुढे वीज सोडून देतो. उलटसुलट जोडलेले दोन डायोड लाटेचा माथा आणि तळ दोन्ही छाटतात. १९७८ च्या बॉस डीएस-१ मध्ये हे डायोड सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये बसवलेले असतात, म्हणून छाटणी करकरीत होते. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरमध्ये ते अ‍ॅम्प्लिफायर चिपच्या फीडबॅकमध्ये असतात. तिथे माथा सपाट न होता नुसता दबतो, म्हणून आवाज मऊ लागतो.

छाटलेल्या लाटेत आधी नसलेले किंवा जेमतेम असलेले स्वर उभे राहतात. दोन्ही बाजू सारख्या छाटल्या तर ए तारेच्या ११० हर्ट्‌झसोबत ३३०, ५५०, ७७० अशा विषम पटी चढतात. एक बाजू जास्त छाटली तर २२०, ४४० या सम पटीही येतात. तानपुऱ्याच्या जवारीनं एका तारेतून जी स्वरांची झळाळी उठते, तिच्याशी याचं नातं आहे. त्या वाद्यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच लिहिलं होतं.

एका तारेपुरतं हे सोपं आहे. दोन तारा एकदम वाजल्या की छाटणी त्यांची आपापसात बेरीज-वजाबाकीही करते. ए (११०) आणि त्याचा पंचम ई (सुमारे १६५) घ्या. दोनदा ११० वजा १६५ म्हणजे ५५. दोनदा १६५ वजा ११० म्हणजे २२०. हे सगळे ५५ च्या पटीत, एकमेकांत चपखल बसणारे. शिवाय ५५ म्हणजे खालच्या सप्तकातला ए, जो कुणी वाजवलेलाच नाही. पॉवर कॉर्डचा, म्हणजे मूळ स्वर आणि पंचम एवढ्याच जोडीचा जडपणा इथून येतो. आता पंचमाऐवजी शुद्ध गांधार वाजवा, म्हणजे १३८.६. दोनदा ११० वजा १३८.६ होतात ८१.४, आणि दोनदा १३८.६ वजा ११० होतात १६७.२. हे कशाच्याच पटीत नाहीत, म्हणून कानाला चिखल ऐकू येतो. पूर्ण मेजर कॉर्ड (सा-ग-प) जास्त गेनवर फाटतो तो यामुळे, बोटं चुकल्यामुळे नव्हे. कॉर्ड पूर्णच हवा असेल तर पेडलला हात न लावता गिटारचा व्हॉल्यूम नॉब ५-६ वर आणावा. सिग्नल लहान झाला की छाटणीही कमी होते.

जॅम रूममध्ये गिटार हरवते त्याचं कारणही छाटणीतच आहे. माथा छाटला की पिकचा ठोका आणि नंतरचा लांबलेला स्वर यांची उंची सारखी होते, म्हणजे ज्या ठोक्यामुळे कान गिटार ओळखतो तोच जातो. वाढलेल्या वरच्या पटी सिम्बलच्या गर्दीत सापडतात. त्यात मिड्स (मधल्या पट्टीतले स्वर) कापण्याची हौस असेल तर उरलंसुरलं संपतं. ट्यूब स्क्रीमर खालचे स्वर कमी करून ७०० हर्ट्‌झच्या आसपास उठाव देतं, म्हणून तापलेल्या अ‍ॅम्पपुढे लोक ते लावतात: गेन नऊ वाजता, टोन बारावर, लेव्हल तीनवर. एकट्यानं ऐकलं तर हा आवाज नाकातला वाटेल. तो बँडसोबतच ऐकून ठरवावा.

पेडलचा क्रमही याच तर्कानं लागतो: वाह (पायानं सूर उघडणारं-मिटणारं), ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शन), आवाज लहरता करणारं कोरस किंवा फेझर, डिले (प्रतिध्वनी देणारं), रिव्हर्ब (खोलीची घुमणूक देणारं). डिले आधी ठेवला तर जुना प्रतिध्वनी आणि नवा स्वर एकत्र छाटले जातात, म्हणजे पुन्हा तोच चिखल. शिवाय विरत जाणारे प्रतिध्वनी दाबून-उचलून सारखे होतात आणि विरायचंच विसरतात. काहींना तेच हवं असतं, त्यांनी खुशाल उलटं लावावं.

अ‍ॅनालॉग डिलेमध्ये बकेट ब्रिगेड चिप असते, जी सिग्नल बादल्यांच्या रांगेसारखा एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात ढकलते. ४,०९६ टप्प्यांच्या चिपमधून १० किलोहर्ट्‌झच्या घड्याळावर (ढकलण्याच्या ठोक्यांच्या वेगावर) सिग्नल बाहेर यायला सुमारे २०५ मिलिसेकंद लागतात. वेळ दुप्पट हवी तर घड्याळ निम्मं करावं लागतं, आणि मग अडीच किलोहर्ट्‌झच्या वरचं काही नीट उतरत नाही. लांब अ‍ॅनालॉग डिले मंद, काळपट वाटतो तो यामुळे. तालाशी जुळवायचं तर ६०,००० ला टेम्पोनं भागावं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या टेम्पोला ५०० मिलिसेकंद येतात, त्याचे पाऊण म्हणजे ३७५. १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू या आयरिश बँडला ज्यांनी ऐकलं, त्यांनी त्यांचा गिटारिस्ट द एज याच्या गिटारवर हाच पाऊणपटीचा डिले ऐकला. हात वाजवतो त्याहून जास्त स्वर ऐकू येतात, कारण प्रतिध्वनी ठोक्यांच्या मधल्या जागेत पडतो.

हम (अ‍ॅम्पमधून येणारी सततची घूं-घूं) आली की आधी वीजपुरवठा तपासावा. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतात, पिनच्या मध्यभागी ऋण. एकाच अ‍ॅडॉप्टरवर डिजिटल डिले आणि फझ (सगळ्यात खरखरीत डिस्टॉर्शनचं पेडल) ओवले की डिलेची चिरचिर फझ मोठी करून ऐकवतो. आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळ्या आउटपुटचा सप्लाय हाच खरा इलाज, आणि मिलिअ‍ॅम्पिअरची बेरीज करूनच घ्यावा. हम घालवायला अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग असतात. ते कधीही करू नये. हातात तार आणि ओठाला माइक असताना झटका जिवावर बेतू शकतो.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझला ठाण्याचा मे महिना सोसत नाही. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. २४ अंशांच्या एसी खोलीत गुबगुबीत वाजणारं पेडल ३५ अंशांच्या उघड्या स्टेजवर बारीक, तुटक वाजतं. सिलिकॉनचा फझ घ्यावा, नाहीतर बायसचा (ट्रान्झिस्टरचा कामाचा बिंदू जुळवणारा) नॉब असलेला. यातले बरेच जुन्या धाटणीचे फझ धन-ग्राउंडचे (ग्राउंडला ऋणाऐवजी धन टोक जोडलेले) असतात. ते बाकीच्यांच्या साखळीत जोडले तर सप्लाय शॉर्ट होतो, म्हणून त्यांना वेगळी बॅटरी द्यावी. इनपुटला जॅक असेपर्यंत ती बॅटरी जळत राहते, तेव्हा वाजवून झालं की जॅक काढावा. पावसाळ्यात पॅच केबलचे जॅक काळवंडतात आणि आवाज मध्येच जातो. त्यावर तेलकट स्प्रे नको, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जॅक चार-पाच वेळा आत-बाहेर करावा.