दिव्यांग मुलांना शाळेनंतर नोकरी हवी असेल तर कागदपत्रं नववीतच लावा

दहावीपर्यंत घरात सगळ्यांचं लक्ष परीक्षेवर असतं, लेखनिक मिळेल ना, जादा वेळ मिळेल ना, आणि निकाल लागला की मग कळतं की नोकरीसाठी लागणारा एकही कागद धड नाहीये. म्हणून आईबाबांनो, नववीतच सुरुवात करा.

सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं केंद्र सरकारचं ओळखपत्र, कारण पुढचं जवळपास सगळं त्यावर अडतं. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन फॉर्म भरायचा, फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, आपल्या जिल्ह्यातलं हॉस्पिटल निवडायचं आणि तपासणीला जाताना जुने सगळे रिपोर्ट सोबत न्यायचे. लहानपणी काढलेलं सर्टिफिकेट बऱ्याचदा टेम्पररी असतं, त्यावरची मुदत आत्ताच बघा, संपली असेल तर रिन्यूचा अर्ज लगेच टाका. आधार, शाळेचा दाखला आणि यूडीआयडी तिन्हीवर नाव आणि जन्मतारीख अगदी सारखी पाहिजे, एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी ऐन भरतीत त्रास होतो. दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली असेल तर कार्ड पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं आणि ८० पासून पुढे निळं. आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात.

कार्ड आलं की दोन नोंदण्या करून टाका. राज्य सरकारच्या महास्वयंम पोर्टलवर रोजगारासाठी नाव नोंदवायचं, आणि ट्रेनिंग हवं असेल तर पीएम दक्ष या केंद्राच्या कौशल्य प्रशिक्षण योजनेच्या दिव्यांग पोर्टलवर, तिथे वय १५ ते ५९ चालतं. मुंबईच्या आसपास राहत असाल तर सायनला एटीआय या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात केंद्र सरकारच्या कामगार मंत्रालयाचं एनसीएससी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर आहे, जुने लोक त्याला व्हीआरसी म्हणतात, तिथे मुलाला काय काम जमेल हे तपासून सांगतात, ट्रेनिंग आणि नोकरीसाठी मदतही करतात. मला हे सगळ्यात उपयोगाचं वाटतं, कारण मुलाला काय जमत नाही हे सांगणारे खूप भेटतात, काय जमतं ते नीट बघणारे फार कमी.

सरकारी नोकरीत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे किमान ४ टक्के आरक्षण आहे. दृष्टी, श्रवण आणि अस्थिव्यंग गटाला प्रत्येकी १ टक्का हे बहुतेकांना माहीत असतं, पण उरलेला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, हे कितीतरी पालकांपर्यंत पोचलेलंच नसतं. जाहिरातीत ते पद तुमच्या मुलाच्या प्रकारासाठी सुनिश्चित, म्हणजे योग्य म्हणून ठरवलेलं आहे का ते वाचूनच फॉर्म भरा.

खाजगी कंपनीत असं सक्तीचं आरक्षण नाही, पण २० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं आणि त्यात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी पण द्यावी लागते, ती एचआरकडे बिनधास्त मागा. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), सांकेतिक भाषेचा दुभाषी, रॅम्प, जे लागणार असेल ते अर्जातच लिहा.

१८ पूर्ण झाल्यावर ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो, समितीवर कलेक्टर असतात. मात्र मूल स्वतः सही करत असेल आणि व्यवहार समजत असेल तर पालकत्वाच्या अर्जाची घाई करू नका, बँक खातं त्याच्याच नावाने उघडा आणि पगार त्यातच येऊ द्या.