उस्मान डेम्बेले : मांडीच्या मागे दडलेली आठ वर्षं

ऑगस्ट २०१७ मध्ये बार्सिलोनाने फ्रेंच फुटबॉलपटू उस्मान डेम्बेलेसाठी साडेदहा कोटी युरो मोजले आणि कामगिरीनुसार आणखी चार कोटींपर्यंत देण्याचं कबूल केलं. पोरगा तेव्हा २० वर्षांचा होता. सहा वर्षांनी पॅरिस सेंट-जर्मेनने त्याला पाच कोटींत नेलं. बार्सिलोनातल्या सहा मोसमांचा हिशेब होता १८५ सामने आणि ४० गोल. सप्टेंबर २०२५ मध्ये हाच खेळाडू बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, घ्यायला मंचावर गेला. कोपा, प्लातिनी, पापाँ, झिदान आणि बेन्झेमा यांच्यानंतरचा तो सहावा फ्रेंच मानकरी.

हा प्रवास समजून घेताना बहुतेक जण शिस्त, स्वभाव आणि पैसा यांवर बोलतात. आमच्या मते मूळ कारण शरीराच्या एका ठरावीक जागी आहे. बैठकीच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत मांडीच्या मागून जाणाऱ्या स्नायूंनी या विंगरची (मैदानाच्या कडेने हल्ला करणाऱ्या खेळाडूची) आठ वर्षं ठरवली. ते स्नायू टिकले, त्याच वर्षी त्याची मैदानावरची जागाही बदलली, आणि तेव्हा कुठे सगळं जुळून आलं.

डेम्बेलेचा जन्म १५ मे १९९७ चा, नॉर्मंडीतल्या व्हेरनॉनचा. वाढला एव्रू शहरातल्या ला मादलेन या वस्तीत. वडील मूळचे मालीचे, आईचं मूळ मॉरिटानिया-सेनेगलकडचं. वस्तीतल्या आणि शहरातल्या क्लबांत खेळून तेराव्या वर्षी तो रेन या फ्रेंच क्लबच्या अकादमीत दाखल झाला.

त्याचा आवडता पाय कोणता, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. तरुणपणी एका मुलाखतीत त्याने स्वतःला डावखुरा म्हटलं. मग पेनल्टी उजव्याने का मारतोस, असं विचारल्यावर उत्तर आलं की उजव्याने फटका चांगला बसतो. बचावपटूसाठी ही खरी डोकेदुखी. एरवी विंगरसमोर उभा राहणारा कडेचा बचावपटू, म्हणजे फुलबॅक, पहिल्या पाच मिनिटांत एक निर्णय घेतो : याला बाहेर ढकलायचं की आत येऊ द्यायचं. उजव्या कडेला डावखुरा असेल तर आतली वाट अडवायची, कारण तो आत वळून डाव्याने मारणार. डेम्बेलेसमोर हा निर्णयच होत नाही. चेंडू घेऊन तो जवळजवळ थांबतो, खांदा एकीकडे टाकतो आणि समोरच्याचं वजन कुठल्या पायावर गेलंय ते पाहतो. वजन पडलेला पाय लगेच उचलता येत नाही. डेम्बेले नेमका त्या पायाच्या बाजूने निघतो. पहिल्या तीन पावलांत वेग पूर्ण चढलेला असतो. पुढे क्रॉस डाव्याने येणार की उजव्याने, हे गोलकीपरलाही शेवटपर्यंत कळत नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये तो रेनकडून पहिल्यांदा व्यावसायिक सामना खेळला. त्या मोसमात लीगच्या २६ सामन्यांत १२ गोल केले, त्यात मार्च २०१६ ला नाँतविरुद्धची हॅट्ट्रिकही होती. दीड कोटी युरोंना जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबने त्याला उचललं. तिथे प्रशिक्षक थॉमस टुखेलच्या हाताखाली तो जवळपास ५० सामने खेळला. जर्मन कपच्या उपांत्य फेरीत बायर्नच्या घरी, म्युनिकमध्ये, त्याने सहकारी ओबामेयांगला बरोबरीचा गोल काढून दिला आणि विजयी गोल स्वतः मारला. फ्रँकफुर्टविरुद्धच्या अंतिम सामन्यातला पहिला गोलही त्याचाच.

इथे एक गोष्ट नजरेआड होते. दोन वर्षांपूर्वी अकादमीत खेळणारा मुलगा थेट दर तीन-चार दिवसांनी सामना, अशा वेळापत्रकात आला होता. विंगर म्हणून त्याचं काम पूर्ण ताकदीच्या स्प्रिंटचं. मांडीमागचे स्नायू अशा भाराला हळूहळू सरावतात, त्यासाठी काही मोसम जावे लागतात. त्याला ते मिळाले नाहीत. भर म्हणजे २०१७ चा उन्हाळा. २२ कोटी २० लाख युरोंना नेमार पॅरिसला गेला आणि बार्सिलोना त्याची जागा भरायला धावली. क्लबबदल अडला म्हणून डेम्बेले डॉर्टमुंडच्या सरावाला गेलाच नाही. क्लबने त्याला निलंबित केलं. पुढचे दोन आठवडे तो संघाबाहेर होता. मोसमपूर्व तयारीचा सगळ्यात मोलाचा काळ असा गेला आणि बार्सिलोनात उतरताच स्पर्धात्मक सामने सुरू झाले.

१६ सप्टेंबर २०१७, हेताफेचं मैदान. तिथला हा त्याचा लीगमधला पहिलाच स्टार्ट होता. अर्धा तासही झाला नव्हता. चेंडूमागे धावताना डेम्बेले तो टाचेने मारायला गेला आणि डाव्या मांडीचा मागचा भाग धरून थांबला. तपासणीत बायसेप्स फेमोरिस या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा चिवट पट्टा, तुटल्याचं निघालं.

वेगवान गोलंदाज हॅमस्ट्रिंग धरून मैदानाबाहेर जाताना आपण पाहतो, तोच हा स्नायूसमूह. यात तीन स्नायू असतात. त्यांचा मोठा भाग नितंब आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातो, आणि अडचण तिथेच आहे. धावताना पाय पुढे फेकला जातो, पाऊल जमिनीला लागायच्या आधीच्या क्षणी गुडघा सरळ होत असतो आणि नितंबाचा सांधा वाकलेला असतो. म्हणजे स्नायू दोन्ही टोकांनी ताणला जातो, आणि त्याच वेळी पायाला ब्रेक लावण्यासाठी त्याला पूर्ण जोरही लावावा लागतो. ताणलेल्या अवस्थेत जोर लावताना तो फाटतो. तिघांपैकी बायसेप्स फेमोरिसवर हा भार सर्वांत जास्त येतो. पूर्ण वेगात असताना टाचेने मारण्यासारखी वेगळी हालचाल केली की सगळा झटका कंडरेवर बसतो. स्नायूतल्या साध्या फाटण्यातून खेळाडू तीन-चार आठवड्यांत उठतो. कंडरा तुटली तर ती शिवावी लागते.

शस्त्रक्रिया फिनलंडमध्ये साकारी ओरावा यांनी केली. अशा दुखापतींसाठी युरोपभरचे खेळाडू तिथे जातात. नंतरचा क्रम साधारण असा असतो : सुरुवातीला कुबड्या, आणि पाय सरळ ठेवून पुढे वाकायला सक्त मनाई. मग हळूहळू ताकदीचे व्यायाम. त्यात गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कोणीतरी धरून, शरीर हळूहळू पुढे झुकवण्याचा नॉर्डिक व्यायाम महत्त्वाचा, कारण स्नायू लांब होताना ताकद लावायची सवय त्यातून लागते. त्यानंतर सरळ रेषेत धावणं, मग वळणं, आणि शेवटी पूर्ण वेगाचे स्प्रिंट. घाई नेहमी या शेवटच्या टप्प्यात होते. पाय दुखत नसतो, ताकदीची चाचणी पास झालेली असते, पण सामन्यातल्या वेगाने पुरेसं धावणं झालेलं नसतं. शिवाय शिवलेली जागा बाकी स्नायूइतकी लवचिक राहत नाही, त्यामुळे ताण शेजारच्या भागावर सरकतो. हॅमस्ट्रिंगची पुढची दुखापत कोणाला होईल याचा सर्वांत भरवशाचा संकेत एकच : आधी झालेली दुखापत.

४ जानेवारी २०१८ ला तो परतला आणि दहा दिवसांत रेआल सोसिएदादविरुद्ध पुन्हा तीच मांडी धरली. त्याच उन्हाळ्यात तो फ्रान्सबरोबर विश्वविजेता झाला, पण पहिल्या सामन्यात सुरुवातीपासून खेळलेला हा विंगर अंतिम सामन्यात बाकावरच होता. मे २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीत, पहिल्या सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध ३-० अशी आघाडी असताना शेवटच्या सेकंदांत मेस्सीने दिलेला चेंडू त्याने अगदी नरमपणे गोलकीपरच्या हातात मारला. तीनच दिवसांनी सेल्टाविरुद्ध सामना सुरू होताच काही मिनिटांत हॅमस्ट्रिंग गेली. अॅनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावर झालेल्या परतीच्या सामन्यातल्या ०-४ पराभवात तो नव्हता. त्या हुकलेल्या संधीचे दाखले आजही दिले जातात. वेगाने प्रतिहल्ला करू शकणारा बार्सिलोनाचा एकमेव खेळाडूच त्या रात्री नव्हता, हे मात्र कोणी फारसं बोलत नाही.

सगळ्यात वाईट काळ त्यानंतर आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये, जुन्या क्लबविरुद्ध, डॉर्टमुंडशी खेळताना उजवी मांडी गेली. पुनर्वसन संपत आलेलं असताना फेब्रुवारी २०२० मध्ये सरावात उजव्या बायसेप्स फेमोरिसची वरची कंडरा तुटली, म्हणजे बैठकीच्या हाडाला चिकटलेलं टोक. ते पुन्हा हाडाला शिवून बसवावं लागतं. टुर्कूमध्ये लासे लेम्पाइनेन यांनी शस्त्रक्रिया केली आणि सहा महिने विश्रांती सांगितली. स्पेनमध्ये तेव्हा नियम होता की खेळाडू पाच महिन्यांहून जास्त बाहेर असेल तर बदलीची मुदत संपल्यावरही क्लब देशातून एक खेळाडू घेऊ शकतो. बार्सिलोनाने लेगानेसला १ कोटी ८० लाख युरो भरून मार्टिन ब्रेथवेटला उचललं. लेगानेसला त्याच्या जागी कोणी घेता येत नव्हतं. मोसमाअखेर लेगानेस एका गुणाने खालच्या विभागात गेलं. एका तुटलेल्या कंडरेची झळ माद्रिदशेजारच्या छोट्या क्लबला बसली, आणि तो नियम अन्याय्य होता असं आम्हाला आजही वाटतं.

पुढचे टप्पे थोडक्यात. जून २०२१ मध्ये युरो स्पर्धेत हंगेरीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून आला आणि दुखावलेला गुडघा घेऊन बाहेर गेला. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा काही महिने. जानेवारी २०२२ मध्ये करारावरून क्लबने त्याला जायला सांगितलं, तो राहिला, आणि प्रशिक्षक चावीच्या संघात १३ असिस्ट (गोलासाठीचे शेवटचे पास) देऊन त्या मोसमात लीगमध्ये अव्वल ठरला. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाच्या दी मारियाला पाडून त्याने त्यांना पेनल्टी बहाल केली, आणि फ्रान्सचा प्रशिक्षक देशाँने मध्यंतराच्याही आधी, ४१ व्या मिनिटाला, त्याला बाहेर बोलावलं. या काळात एक बदल शांतपणे घडत होता. स्वतःचा फिजिओ, झोप आणि आहार यांकडे तो गांभीर्याने पाहू लागला होता. दुखापती थांबल्या नाहीत, पण मोठ्या शस्त्रक्रिया थांबल्या.

पॅरिसमधल्या पहिल्या मोसमात लीगमध्ये अवघे तीन गोल. फटक्यांवर लोक हसायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यासाठी प्रशिक्षक लुइस एन्रिकेने शिस्तीच्या कारणावरून त्याला संघातून वगळलं. नोव्हेंबरात बायर्नविरुद्ध दोन पिवळी कार्डं घेऊन तो मैदानाबाहेर गेला. आघाडीचा खेळाडू एम्बापे रेआल माद्रिदला गेलेला, मधला स्ट्रायकर कोणी पक्का बसत नव्हता. डिसेंबरच्या मध्यावर एन्रिकेने डेम्बेलेला कडेवरून उचलून मधोमध ठेवलं, ज्याला फॉल्स नाइन म्हणतात तिथे. हा खेळाडू स्ट्रायकरच्या जागी दिसतो, पण खाली उतरून मिडफिल्डमध्ये चेंडू घेतो. सेंटरबॅकने, म्हणजे मधल्या बचावपटूने, त्याच्यामागे यावं तर पाठीमागे मोकळी जागा, न यावं तर डेम्बेले मोकळा.

या बदलाने दोन गोष्टी एकदम सुटल्या. कडेवर उभ्या असलेल्या विंगरची एक बाजू सीमारेषाच अडवते, त्यामुळे दोन्ही पायांचा अर्धाच उपयोग होतो. मध्ये आल्यावर डावं-उजवं दोन्ही खुलं झालं. दुसरं म्हणजे धावण्याची जात बदलली. कडेच्या लांब, पूर्ण वेगाच्या स्प्रिंटऐवजी छोटे झटके आणि वळणं वाढली. मांडीमागच्या स्नायूंना हे जास्त मानवतं, असा आमचा अंदाज आहे. जानेवारीच्या अखेरीस स्टुटगार्ट आणि त्यापाठोपाठ ब्रेस्त, सलग दोन सामन्यांत हॅट्ट्रिक. लीगमध्ये २१ गोल. चॅम्पियन्स लीगमध्ये ८, त्यात अॅनफिल्डवरचा आणि आर्सेनलच्या मैदानावर चौथ्याच मिनिटाला केलेला.

३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इंटरला ५-० ने हरवताना त्याने एकही गोल केला नाही, दोन असिस्ट दिले. तरी त्या सामन्याचं त्याचं चित्र वेगळंच आहे. इंटरचा गोलकीपर सोमर गोलकिक घ्यायला उभा राहिला की डेम्बेले पेनल्टी बॉक्सच्या रेषेवर, धावण्याच्या शर्यतीत बंदुकीची वाट पाहावी तसा पुढे झुकून, नजर चेंडूवर रोखून उभा. छोटा पास दिला तर हा क्षणात अंगावर येणार. सोमर घाईत लांब मारायचा आणि चेंडू पॅरिसकडे यायचा. एन्रिकेने नंतर म्हटलं की या बचावासाठीच बॅलन डी'ओर त्याला द्यावा.

५ सप्टेंबरला व्रोत्सवाफमध्ये युक्रेनविरुद्ध फ्रान्सकडून उत्तरार्धात उतरलेला डेम्बेले उजवी मांडी धरून बाहेर आला. सहा आठवडे. पॅरिस क्लब फ्रेंच महासंघावर उघडपणे चिडला. २२ सप्टेंबरला पुरस्काराची रात्र होती, आणि खराब हवामानामुळे एक दिवस पुढे गेलेला मार्सेविरुद्धचा लीग सामनाही त्याच रात्री आला. संघ मार्सेत खेळत होता. हॅमस्ट्रिंगमुळे बाहेर बसलेला डेम्बेले मात्र पॅरिसच्या शातले थिएटरमध्ये होता, रोनाल्डिनियोच्या हातून सोन्याचा चेंडू घ्यायला.