अभिस्तर ऊती

शरीराचा बाह्य पृष्ठभाग, आतल्या पोकळ्या आणि नलिका यांना आच्छादणाऱ्या व ग्रंथी घडवणाऱ्या पेशींच्या थराला अभिस्तर ऊती म्हणतात. या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात, आंतरपेशीय द्रव्य जेमतेम असते आणि सगळा थर तळपटलावर, म्हणजे खालच्या पातळ पडद्यावर, उभा असतो. थरात रक्तवाहिन्या नसतात. ऑक्सिजन आणि पोषकद्रव्ये खालच्या संयोजी ऊतीतून झिरपत येतात. पेशीची वरची बाजू एक काम करते, खालची दुसरे. लहान आतड्यातली पेशी ग्लुकोज वरून आत घेते आणि खालून रक्ताकडे सोडते. शरीरात काय घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे या दोन बाजूंच्या फरकावर ठरते. म्हणून अभिस्तराला नुसते आवरण म्हणणे अपुरे आहे.

वर्गीकरण थरांची संख्या आणि पेशींचा आकार यांवरून होते. एकाच थराचा तो सरल, अनेक थरांचा तो स्तरित. सरल पट्टकी (चपट्या पेशींचा) अभिस्तर फुप्फुसांच्या वायुकोशांत व रक्तवाहिन्यांच्या आत असतो, घनाभरूप (ठोकळ्यासारख्या पेशींचा) मूत्रपिंडातल्या वृक्कनलिकांत, स्तंभीय (उभट पेशींचा) जठर व आतड्यांत. झीज होते तिथे, म्हणजे तोंड, अन्ननलिका आणि त्वचा यांत, स्तरित पट्टकी असतो. ही विभागणी सगळीकडे चपखल बसत नाही. श्वासनलिकेतला रोमक (हलणाऱ्या सूक्ष्म केसांचा) अभिस्तर अनेक थरांचा भासतो, पण त्यातली प्रत्येक पेशी तळपटलाला टेकलेली असते. मूत्राशय भरला की त्याच्या अभिस्तरातल्या पेशी चपट्या होतात, रिकामा झाला की पुन्हा फुगीर.

गोव्यात याची उत्तम उदाहरणे मासळीबाजारात मिळतात. बांगडा ताजा आहे का हे कल्ला उचलून पाहतात; तिथला तांबडा रंग रक्ताचा, अतिशय पातळ अभिस्तरातून दिसणारा. मांडवी आणि जुवारी नद्यांच्या मुखाशी खारे-गोडे पाणी मिसळते, तरी काळुंदर तिथे सुखाने राहतो, कारण कल्ल्यांच्या अभिस्तरातल्या खास पेशी खाऱ्या पाण्यात मीठ बाहेर टाकतात आणि गोड्या पाण्यात ते शोषून घेतात. तिसऱ्या आणि शिनाणे हे शिंपल्यांतले जीव कल्ल्यांवरच्या रोमकांनी पाणी आत ओढतात व त्यातले अन्नकण गाळून घेतात.

त्वचेचा सर्वांत वरचा थर केराटिन या कठीण प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा असतो. तो पाणी आणि जंतू अडवतो. तेलात विरघळणाऱ्या पदार्थांना मात्र त्यातून वाट सापडते. काजूच्या टरफलातल्या तेलातली अनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही द्रव्ये अशीच आत शिरतात, म्हणून बी फोडणाऱ्यांचे हात काळवंडतात, कधी फोड येतात. हाताला तेल किंवा राख चोळण्याची पद्धत याच अनुभवातून आली. हातमोजे द्यायलाच हवेत.

अभिस्तराच्या पेशी सतत विभाजत असतात. आतड्याचे अस्तर 3 ते 5 दिवसांत नवे होते, त्वचेच्या बाह्यथराला सुमारे 4 आठवडे लागतात. बहुसंख्य कर्करोग याच ऊतीत उद्भवतात, त्याचे एक कारण हे विभाजन. दुसरे म्हणजे तंबाखूसारख्या घातक पदार्थांशी पहिला संपर्क अभिस्तराचाच होतो. दीर्घकाळ धूम्रपान केल्यास श्वासमार्गातल्या रोमक पेशींची जागा पट्टकी पेशी घेऊ लागतात आणि कफ वर ढकलणारे रोमक नाहीसे होतात. तोंडातल्या चट्ट्याचा तुकडा तपासताना विकृतिशास्त्रज्ञ तळपटल शाबूत आहे का ते पाहतात. विकृत पेशी त्याच्या वरच असतील तर रोग स्थानिक असतो. तळपटल भेदले गेले की त्या रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या (लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिका) यांच्यापर्यंत पोचू शकतात.