ताणखुणा

त्वचेच्या आतल्या थरातील तंतूंची बांधणी मोडल्यामुळे पृष्ठभागावर उमटणारे, बहुधा एकमेकांना समांतर असे रेषाकार पट्टे. स्ट्रेच मार्क्स या नावाने ते सर्वपरिचित असून वैद्यकीय लेखनात ‘स्ट्राया डिस्टेन्सी’ ही लॅटिन संज्ञा रूढ आहे. पोट, स्तन, नितंब, मांड्या, दंड आणि कंबरेचा मागचा भाग ही त्यांची नेहमीची ठिकाणे. गर्भारपण, पौगंडावस्थेतील झपाट्याची वाढ आणि वजनातील मोठे चढउतार या तीन प्रसंगी त्या सर्वाधिक आढळतात. ताणखुणा निरुपद्रवी असतात. उपचार केले जातात ते दिसण्यासाठी. मात्र क्वचित त्या अंतर्गत विकाराची पहिली खूण ठरतात, आणि त्यामुळे निदानाच्या दृष्टीने त्यांना महत्त्व येते.

स्वरूप : नवी खूण लालसर किंवा जांभळट, किंचित फुगीर असते व तिला कधीकधी खाज सुटते. पुढे काही महिन्यांत, क्वचित वर्षा-दोन वर्षांत, लाली ओसरून ती पांढुरकी, चकचकीत व जराशी खोलगट होते. बाजूने उजेड पाडून पाहिल्यास पट्ट्याच्या आत सिगारेटच्या कागदासारख्या बारीक चुण्या दिसतात आणि बोट फिरवल्यास तेवढा भाग आजूबाजूपेक्षा मऊ व पोकळ लागतो. सावळ्या त्वचेत नवी खूण लाल न दिसता तपकिरी किंवा काळसर दिसू शकते, त्यामुळे केवळ रंगावरून नवी-जुनी ठरवणे फसवे असते. रेषा ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात. उंची भराभर वाढणाऱ्या मुलांच्या कंबरेवर त्या आडव्या उमटतात आणि मारहाणीचे वळ समजल्या गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली आहेत. याच जागी उंचवट्याच्या पिवळसर रेषा दिसल्यास तो ‘लिनिअर फोकल इलॅस्टोसिस’ हा वेगळा विकार असू शकतो. त्यात लवचिक तंतू कमी न होता साचलेले असतात.

पूर्वेतिहास : चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भारपणाच्या सातव्या महिन्यातील ‘किक्किस’ या तक्रारीचे वर्णन आहे. गर्भाच्या दाबाने दोष उरःप्रदेशी पोचून दाह होतो, दाहातून खाज आणि खाजेतून किक्किस, असा क्रम तेथे दिला आहे. गर्भाचे केस उगवताना मातेला दाह होतो हे त्या काळच्या स्त्रियांचे मत उद्धृत करून संहितेतील उपदेशक आचार्य ‘भगवान आत्रेय’ ते खोडून काढतात, हा भाग मुळातून वाचण्याजोगा आहे. किक्किस म्हणजे ताणखुणाच, असे आजचे बहुतेक आयुर्वेदीय लेखक धरून चालतात. स्तन व पोटावर लेप लावण्याची सूचना, त्वचा फाटून विद्रूपता येऊ नये म्हणून खाजवू नये ही ताकीद आणि टीकाकारांनी केलेला रेषारूप वळ्यांचा उल्लेख या गोष्टी त्या मताला पुष्टी देतात. परंतु मूळ वर्णनात खाज व दाह यांना जेवढे स्थान आहे तेवढे ताणखुणांत सहसा नसते. शेवटच्या तिमाहीत पोटावरच्या ताणखुणांतूनच सुरू होणारे खाजरे पुरळही आधुनिक वैद्यकाला ठाऊक आहे. तेव्हा संहिताकारांनी रेषा व पुरळ या दोहोंना एकाच नावाखाली घेतले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पाश्चात्त्य वैद्यकात पहिले वर्णन रोडरर यांचे मानले जाते व त्यासाठी १७७३ हे साल दिले जाते. जर्मनीतील गटिंगेनचे प्रसूतितज्ज्ञ योहान गेओर्ग रोडरर अभिप्रेत असतील, तर ते १७६३ मध्येच निवर्तले होते. तेव्हा हे साल मरणोत्तर आवृत्तीचे असावे किंवा एका लेखातून दुसऱ्यात उतरत आलेली चूक असावी. सूक्ष्मदर्शकाखालील पहिले वर्णन त्र्वाझिए व मेनेत्रिए यांनी १८८९ च्या सुमारास केले.

कारणे : त्वचा ताणली गेली की तिच्यातले तंतू तुटतात, हे जुने स्पष्टीकरण नावातच दडलेले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पोटाचा घेर सारखाच वाढलेल्या दोन गर्भवतींपैकी एकीच्या पोटावर दाट रेषा येतात, दुसरीच्या एकही नाही. निव्वळ ताणाचा प्रश्न असता तर वयस्क, कमी लवचिक त्वचा आधी फाटायला हवी होती. प्रत्यक्षात कमी वयाच्या मातांमध्ये ताणखुणांचे प्रमाण जास्त आढळते. जांघेत प्रखर स्टेरॉइड मलम दीर्घकाळ लावल्यास घेर तसूभरही न वाढता तेथे रुंद खुणा पडतात.

यावरून लक्ष संप्रेरकांकडे वळले. अधिवृक्क ग्रंथीतून पाझरणारी ग्लुकोकॉर्टिकॉइडे तंतुजनक पेशींची कोलॅजेन (त्वचेला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन) बनवण्याची क्षमता मंदावतात. कुशिंग सिंड्रोममध्ये त्यांचे प्रमाण दीर्घकाळ चढे राहते आणि पोटावर सेंटिमीटरहून रुंद, गडद जांभळ्या रेषा उमटतात. अशा रेषांसोबत स्नायूंची दुर्बलता, चटकन निळे पडणारे अंग किंवा वाढलेला रक्तदाब असल्यास संप्रेरकांची तपासणी करावी लागते. ताणखुणा असलेल्या त्वचेत ईस्ट्रोजेन, अँड्रोजेन व ग्लुकोकॉर्टिकॉइड यांचे ग्राही (संप्रेरकांना बांधून घेणारे पेशींतील रेणू) वाढलेले आढळल्याचेही प्रसिद्ध झाले आहे.

आनुवंशिकतेचा वाटा निःसंशय आहे. आईला ताणखुणा असल्यास मुलीला होण्याची शक्यता वाढते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचव्यापी (सर्व जनुकसंच तपासणाऱ्या) अभ्यासात इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाच्या जनुकाजवळच्या भेदांशी ताणखुणांचा संबंध दिसून आला; हा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांपुरता होता. लवचिक तंतूंच्या घडणीत लागणाऱ्या फायब्रिलिन या प्रथिनाचे जनुक सदोष असलेल्या मार्फान सिंड्रोममध्ये वजनात विशेष फरक न पडताही पाठ-खांद्यांवर रेषा येतात, आणि २०१० च्या सुधारित निदान-निकषांच्या गुणांकनात त्यांना एक गुण (पॉइंट) दिला आहे.

ऊतींचे चित्र यांच्याशी जुळते. अगदी सुरुवातीच्या खुणेत रक्तवाहिन्यांभोवती दाहपेशी जमतात, मास्ट पेशी (दाह घडवणाऱ्या प्रतिकारपेशी) आपली द्रव्ये सोडतात आणि मधल्या अंतस्त्वचेतील लवचिक तंतू विरघळू लागतात. लवचिक तंतू रंगवून दाखवणाऱ्या व्हरहॉफ रंजनात निरोगी त्वचेचे हे तंतू काळ्या, जाडसर धाग्यांसारखे उठून दिसतात. खुणेच्या जागी ते तुटक, बारीक किंवा नाहीसे झालेले असतात. शरीर नवे इलॅस्टिन तयार करते, पण त्याचे विस्कळीत धागे होतात आणि मूळ जाळे पुन्हा विणले जात नाही. जुन्या खुणेत बाह्यत्वचा पातळ व खालून सपाट होते आणि कोलॅजेनच्या जुड्या पृष्ठभागाला समांतर आडव्या पडतात. थोडक्यात, संप्रेरके व वंशगुण त्वचेची तयारी करतात आणि ताण फक्त जागा व दिशा ठरवतो, असे मानणे सध्याच्या पुराव्याला धरून आहे.

प्रतिबंध : गर्भारपणात तेल-मलम चोळण्याची चाल सार्वत्रिक आहे. २०१२ च्या कॉक्रन समीक्षेत (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) ८०० स्त्रियांवरील सहा चाचण्यांचा विचार झाला. लावण्याच्या कोणत्याही द्रव्याने खुणा टळतात असे सिद्ध झाले नाही. कोको बटर व ऑलिव्ह तेल यांच्यावरील चाचण्यांचा निष्कर्षही तोच. मलमाने कोरडेपणा व खाज कमी होते, हा लाभ वेगळा.

उपचार : खूण पूर्णपणे नाहीशी करणारा उपचार नाही. नव्या, लाल खुणांना प्रतिसाद चांगला मिळतो. ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाशी संबंधित औषध) ०.१ टक्का मलमाच्या १९९६ मधील चाचणीत २४ आठवड्यांत नव्या खुणांची लांबी सरासरी १४ टक्के व रुंदी ८ टक्के घटली. जुन्या खुणांवर या औषधाचा भरवसा देता येत नाही. त्याने त्वचा लाल होऊन सोलवटते आणि गर्भारपणात ते वर्ज्य आहे.

लालीसाठी ५८५ ते ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पल्स्ड डाय लेसर वापरतात. तो रक्तवाहिन्यांतील हीमोग्लोबिनला लक्ष्य करत असल्याने पांढऱ्या खुणांवर फारसे काही करत नाही. पांढऱ्या खुणांसाठी फ्रॅक्शनल लेसर अधिक वापरात आहे : कार्बन डायऑक्साइड लेसर (१०,६०० नॅनोमीटर) त्वचेत सूक्ष्म स्तंभ जाळतो, तर १,५५० नॅनोमीटरच्या आसपासचा लेसर पृष्ठभाग न सोलता ते तापवतो. मधली त्वचा शाबूत राहिल्याने जखम लवकर भरते व भरताना नवे कोलॅजेन बनते. प्रत्यक्षात आधी भूल देणारे मलम लावून ठेवतात. नंतर काही दिवस तपकिरी ठिपक्यांची जाळी दिसते व ती आपोआप गळते. सत्रे चार-सहा आठवड्यांच्या अंतराने, बहुधा तीन ते सहा. सावळ्या त्वचेत लेसरनंतर काळे डाग पडण्याचा धोका खरा आहे, आणि जाहिरातींत तो सहसा वगळला जातो. अशा त्वचेत मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेत छिद्रे पाडण्याची पद्धत, तुलनेने सुरक्षित समजली जाते; तिचे परिणाम फ्रॅक्शनल लेसरच्या जवळपास असल्याचे लहान चाचण्यांत दिसले आहे. ३०८ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेसरने पांढऱ्या खुणेत रंग परततो, पण तो टिकवण्यासाठी पुन्हा पुन्हा सत्रे घ्यावी लागतात व खोलगटपणा तसाच राहतो.

रेडिओफ्रीक्वेन्सी, ग्लायकोलिक आम्लाचे पील (त्वचेचा वरचा थर सोलणारा लेप), मायक्रोडर्माब्रेझन (त्वचेचा वरचा थर घासून काढणे) आणि स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेटयुक्त द्रवाची इंजेक्शने यांचाही वापर होतो. बहुतेक चाचण्या थोड्या रुग्णांवरील व अल्पकालीन आहेत. पोटावरील जादा त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेत बेंबीखालच्या खुणा त्वचेबरोबर जातात; बेंबीवरच्या खुणा त्वचा खाली ओढली गेल्याने खालच्या बाजूला सरकतात. केवळ ताणखुणांसाठी ही शस्त्रक्रिया करत नाहीत.