काट्यावरचा पोरगा आला की कॉम्प्युटर का लटकतो?

दिवाळी झाली की हिंगणघाटकडे जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. काट्यावर वजन होतं आणि मग शेतकरी ऑफिसच्या खिडकीशी बिलाची वाट बघत उभा राहतो. अशाच एका जिनिंगमध्ये मला बोलावणं आलं. दिवाणजी म्हणाले, "सकाळी मस्त चालते भाऊ. काट्यावरचा पोरगा आला का लटकून राह्यते."

चार कॉम्प्युटर, हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर आणि सगळा डेटा मालकांच्या केबिनमधल्या मशीनवर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. इंटरनेटचा प्लॅन वाढवून झाला होता. त्याने काडीचा फरक पडला नाही, कारण हा डेटा आवाराबाहेर जातच नव्हता.

अशी सॉफ्टवेअर फाइलमधला एकेक तुकडा मागतात. मागणी गेली, उत्तर आलं, मग पुढची मागणी. लग्नाच्या किराण्यासाठी तालुक्याला जाऊन नुसतं मीठ आणावं आणि हळदीसाठी पुन्हा निघावं, तसं. रस्ता रुंद केला तरी फेऱ्या कमी होत नाहीत. एका खातेउताऱ्याला ४००० फेऱ्या लागतात असं धरू. नेटवर्कच्या तारेवर फेरीला अर्धा मिलिसेकंद लागला तर २ सेकंदांत उतारा हातात. वाय-फायवर तीच फेरी ५ मिलिसेकंदांची झाली, की २० सेकंद. खिडकीशी उभ्या माणसाला हे २० सेकंद दर बिलाला मोजावे लागतात.

फेरीचा वेळ मोजायला पिंग नावाचा छोटा प्रोग्राम आहे. माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरने तो १९८३ मध्ये लिहिला आणि पाणबुडीतल्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. धडधाकट तारेवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येतं. काट्यावरच्या मशीनवरून मात्र आकडे खालीवर उड्या मारत होते, मधूनच उत्तर गायब. तिथे वाय-फाय होतं आणि वाटेत टिनाचं शेड. धातूचा पत्रा रेडिओलहरी अडवतो. शिवाय वाय-फायच्या एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं.

पण दिवाणजींचं मशीन तर तारेवर होतं. ते का लटकावं? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. फाइल एकट्यानेच उघडली असेल, तर विंडोज त्या मशीनला तिची प्रत जवळ ठेवायची परवानगी देतं. त्याला ऑपॉर्च्युनिस्टिक लॉक म्हणतात. वही स्वतःच्या टेबलावर नेण्यासारखंच ते. पानं उलटायला कुठे जावं लागत नाही. दुसऱ्या कुणी तीच फाइल लिहिण्यासाठी उघडली, की ही परवानगी परत घेतली जाते, नाहीतर दोघांच्या हिशेबात मेळ राहणार नाही. आता प्रत्येक पानासाठी केबिनपर्यंत फेरी. पोरगा काही न करता नुसता सॉफ्टवेअर उघडून बसला तरी दिवाणजींचा वेग जातो. सकाळ आणि दुपार यांतला फरक तो हाच.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: आधी सगळ्यांचं सॉफ्टवेअर बंद करा. एकट्याने उतारा काढा, घड्याळ लावा. मग दुसऱ्याला उघडायला सांगा आणि पुन्हा मोजा. नवीन मशीन त्यानंतर घ्या.

केबिनमधल्या मशीनला जुनी हार्ड डिस्क होती. मिनिटाला ७२०० गिरक्या घेणाऱ्या डिस्कला एक गिरकी पुरी करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि सुई जागेवर नेण्याचा वेळ वेगळा. एसएसडीला, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्कला, हे काही नाही. सगळ्या केबल जिथे जोडतात त्या डबीकडे, म्हणजे स्विचकडे, जाणारी एक केबल उंदरांनी कुरतडली होती. आतल्या आठही तारा शाबूत असतील तरच गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचा वेग, मिळतं. चार उरल्या तर १०० मेगाबिटवर भागवावं लागतं, आणि तेही योग्य त्या चार असल्या तरच.

काटा ऑफिसपासून १०० मीटरच्या आत होता, तेवढी मर्यादा साध्या केबलला चालते. पाइपातून तार ओढली, डेटा एसएसडीवर हलवला. दुपारची बिलं भराभर निघू लागली. फेऱ्या मात्र तेवढ्याच आहेत. त्या खऱ्या कमी होतील, डेटा असलेलं मशीनच शोधाशोध करून तयार उत्तर पाठवेल तेव्हा. त्यासाठी सॉफ्टवेअरची सर्व्हर आवृत्ती लागते. दिवाणजींनी ती पुढच्या हंगामाच्या खर्चात लिहून ठेवली आहे.