चाकाचा स्टड : दुरुस्ती व बदल

मोटारीच्या हबच्या (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या) कडेत मागून दाबून बसवलेला, एका टोकाला डोके व दुसऱ्या टोकाला आटे असलेला पोलादी दांडा. सातारा-सांगलीच्या गॅरेजांत त्याला सरसकट ‘चाकाचा बोल्ट’ म्हणतात. काटेकोरपणे पाहता बोल्ट बाहेरून हबमध्ये फिरवून बसवतात, तर स्टड हबमध्ये कायमचा असतो व त्यावर नट चढतो. डोक्यालगतचा दातेरी पट्टा भोकापेक्षा किंचित जाड असतो, म्हणून नट आवळताना स्टड फिरत नाही.

चाक स्टडवर टांगलेले असते हा समज चुकीचा आहे. नट आवळला की स्टड अत्यल्प ताणला जातो, तो ताण रिमला हबवर दाबून धरतो आणि त्या दाबातले घर्षण भार पेलते. ताण सैल पडला की रिम सरकू लागते, दर फेऱ्याला स्टड वाकतो व थकव्याने तुटतो. एक तुटला की त्याचा वाटा शेजारच्यांवर येतो. म्हणून शेजारचे दोन्ही बदलावेत, आणि एकाच चाकाचे दोन तुटले असतील तर सगळे.

कृष्णाकाठच्या उसाच्या फडात फिरणाऱ्या गाडीत या बिघाडाचे मूळ पुष्कळदा काळ्या मातीत सापडते. चाक बदलताना रिम व हब यांच्यामध्ये राहिलेला चिखल सुकतो, पुढे भुगा होऊन गळतो आणि व्यवस्थित आवळलेला नटही सैल होतो. कास-बामणोली, पाटणकडे पावसाने धरलेला गंज हेच करतो. दुसरे कारण पान्ह्याला लावलेला पाइप. १२ मिमी. स्टडला स्वच्छ, कोरड्या आट्यांवर साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) पुरतो. ६० किलोचा माणूस एक मीटर पाइपाच्या टोकावर उभा राहिला तर सुमारे ५९० न्यूटन-मीटर पडतात. आट्यांना ग्रीस लावून तेवढाच जोर दिला तरी ताण बराच वाढतो.

जुन्या विलिज जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. चाकाच्या फिरण्याने, विशेषतः ब्रेक लागताना, नट उलगडू नये यासाठी ही योजना होती, असे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. जर्मन अभियंता युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवले, की नट सैल होण्यामागे मुख्यतः जोडाची आडवी सरक असते. पुरेसा दाब असेल तर आट्यांची दिशा गौण ठरते, आणि नंतरच्या गाड्यांत दोन्ही बाजूंना सुलटे आटे आले ते या मताशी अधिक जुळते. जीपचा डावा नट मात्र आधी नीट पाहावा. उलटा जोर लावून कित्येक चांगले स्टड मुरगळले गेले आहेत.

माप ओळखण्यात मोठी फसगत होते. जीपचा स्टड अर्धा इंच, इंचाला २० आटे. मारुतीच्या जिप्सी व जिम्नीचा १२ मिमी., दोन आट्यांतले अंतर १.२५ मिमी. इंचाला वीस म्हणजे दोन आट्यांतले अंतर १.२७ मिमी. येत असल्याने अर्धा इंची नट १२ मिमी. स्टडवर सहज चढतो, जरा खुळखुळतो आणि आवळताना आटे सोलून काढतो. १.५ अंतराचा नट १.२५ च्या स्टडवर एक-दोन फेऱ्यांत अडतो. तिथे एअर गनने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्ह्याने) जोर दिला की स्टड संपला. नट हाताने निदान चार-पाच फेरे चढला पाहिजे, आणि शेवटी आट्यांची पकड स्टडच्या व्यासाइतकी, म्हणजे १.२५ अंतराला सुमारे दहा फेरे, असावी.

पहिला आटा दबला असेल तर डाय (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून तो उठवता येतो. आटे सोलले, मान बारीक झाली वा दांडा वाकला असेल तर स्टड बदलावा. गाडी जमिनीवर असताना नट अर्धा फेरा ढिले करून दुसऱ्या चाकाला उटी (अडसर) लावावी, जॅकने उचलून खाली घोडी (आधाराचा स्टँड) द्यावी. ब्रेकचा ड्रम, किंवा कॅलिपर व डिस्क, काढून हब फिरवावा व मागे जागा मिळेल तिथे स्टड आणावा. स्टड प्रेसने काढावा. घणाचे घाव बेअरिंगवर बसतात. पुढच्या चाकात मागे जागा नसेल तर हबच उतरवावा लागतो. जुन्या जीपमध्ये हब व ड्रम धरून ठेवण्यासाठी स्टडची मान फुगवलेली असते. ती आधी कापली नाही तर काढताना भोक मोठे होते.

नव्या स्टडच्या दातेरी पट्ट्याचा व्यास जुन्याशी व्हर्निअरने ताडून घ्यावा. प्रेस नसल्यास ग्रीस लावलेले जाड वॉशर घालून जुना नट उलटा चढवावा व पान्ह्याने स्टड ओढून घ्यावा. डोके मागे पूर्ण टेकले की थांबावे. हे ग्रीस पुसून काढावे आणि तो नट पुन्हा चाकाला वापरू नये. भोक मोठे झाले असेल तर जाड पट्ट्याचा स्टड मिळतो, अन्यथा हब बदलावा. वेल्डिंगचा टाका मारून स्टड अडकवण्याची पद्धत धोक्याची आहे: उष्णतेने कडक पोलादाची घडण बिघडते आणि स्टड टाक्यालगतच तुटतो.

रिम बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासावेत, आणि भोक लंबगोल झाले असेल तर ती रिम वापरू नये. नटाचा निमुळता भाग रिमकडे ठेवून पाच नट एकाआड एक, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. ५० ते १०० कि.मी. चालल्यावर, चाक गार असताना, टॉर्क पान्ह्याने पुन्हा तपासावे.