शेवाळ दारात, बाटली लांबची

वांग्याची फुलं गळतात म्हणून कोकणातल्या कृषी सेवा केंद्रात जा, दुकानदार फळीवरून काळपट द्रवाची बाटली काढतो. 'समुद्रशेवाळाचं टॉनिक. लिटरला अडीच मिली मारा.' पण या टॉनिकचा माग काढला, तर तो मालवण-रत्नागिरीच्या खडकांकडे जात नाही.

आयर्लंड, फ्रान्सच्या ब्रिटनीकडचे शेतकरी वाहून आलेलं शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या शेतात पसरत. मात्र ओलं शेवाळ भलतं जड, किनाऱ्यापासून आत नेणं परवडत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड मिल्टन यांनी ते अल्कलीत, उष्णता देऊन विरघळवलं आणि शेवाळ बाटलीत मावलं.

आपल्याकडची वाट निराळी. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने १९८४ मध्ये कप्पाफायकस हे लाल शेवाळ प्रयोगासाठी आणलं. डोळा होता कॅराजिननवर, म्हणजे आइस्क्रीम-टूथपेस्टला दाटपणा आणणाऱ्या पदार्थावर. त्यासाठी शेवाळ वाळवत, म्हणजे त्यातलं पाणी उन्हात वाया जाई. संस्थेने ताजंच शेवाळ चिरडून रस पिकांना आणि चोथा कॅराजिननला, अशी पद्धत बसवली. २००५ मध्ये तिला अमेरिकी पेटंट मिळालं. इफ्को या खत सहकारी संस्थेचं 'सागरिका' हे शेवाळ टॉनिक याच तंत्रावर उभं आहे.

या रसात पोटॅश असतं, पण खरं काम सायटोकायनिन, ऑक्झिनसारख्या वाढसंप्रेरकांचं. नत्र नावापुरतंच. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात पावसाने धुपलेली. तिथे शेणखताला फाटा देऊन नुसत्या फवारणीवर मिरची काढायची म्हणजे पैसे पाण्यात. अशा टॉनिकना, म्हणजे जैव-उत्तेजकांना, सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आणलं गेलं तेच मुळी फेब्रुवारी २०२१ मध्ये. तोवर बाटलीत काय आहे, हे विकणाऱ्याच्या इमानावर.

मग कोकणातच शेवाळ का पिकवत नाहीत? खडकांवर सरगॅसम, उल्वा आपसूक उगवतं. पण व्यापारी शेती रुजली ती तमिळनाडूत, मंडपमच्या बाजूला. शेवाळ ज्यांवर वाढवतात ते बांबूचे तराफे आपल्या जून-जुलैच्या समुद्रात टिकत नाहीत, आणि खाड्यांतून येणाऱ्या गोड्या पाण्याने खारटपणा उतरला की कप्पाफायकस कुजतं. त्यामुळे इथे ते लावायचं तर पावसाळ्यानंतर, आणि मे अखेर तराफे बाहेर. पुढचे चार महिने बियाणं, म्हणजे लागवडीचे शेवाळाचे तुकडे, जिवंत कुठे ठेवायचं, हा सगळ्यात अवघड भाग.